न्युम्युलाइट आतून कसा वाचावा

पुण्यात राहून न्युम्युलाइटसारख्या अश्मीभूत समुद्री कवचांचा अभ्यास करायचा म्हटले, की पहिली अडचण दगडाचीच येते. शहराखाली आणि भोवतालच्या टेकड्यांत बेसाल्ट आहे. लाव्हाच्या त्या थरांत समुद्री कवचे शोधत हिंडण्यात अर्थ नाही. घरोघरची शहाबादी फरशी चुनखडकाची असते खरी, पण ती भीमेच्या खोऱ्यातली, कवचधारी प्राणी पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी साचलेली. कोटा फरशीही तशीच जुनी. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या नक्षीकामात वापरलेला पोरबंदरचा दगड मात्र या विषयाच्या जवळचा आहे. त्याला मिलिओलाइट हे नाव त्यातल्या मिलिओलिड फोरॅमिनिफेरांवरूनच मिळाले. पण ती कवचे बारीक आहेत आणि दगडही भूशास्त्राच्या हिशेबात अलीकडचा. इथे ज्यांचा विचार करायचा आहे ते फोरॅमिनिफेरा वेगळे.

फोरॅमिनिफेरा हे समुद्रातले एकपेशी जीव. बहुतेक जातींचे कवच वाळूच्या कणाएवढे असते, पण काही कुळांत ते मिलिमीटरांवरून सेंटिमीटरांत जाते. न्युम्युलाइटच्या काही जाती तर १० सेंटिमीटरच्याही पुढे वाढल्या. एका पेशीच्या जीवाने एवढे घर बांधावे हेच मुळात विलक्षण आहे. अशांना अभ्यासक ‘मोठे फोरॅमिनिफेरा’ म्हणतात, मात्र ही विभागणी केवळ आकाराची नाही. ज्यांचे कवच आतून इतके गुंतागुंतीचे आहे की कापून पाहिल्याशिवाय नावच देता येत नाही, ते मोठे. दोन मिलिमीटरचे मायोजिप्सिना या व्याख्येत बसते ते यामुळेच. म्हणून हा अभ्यास भिंगाने सुरू झाला तरी पुढे तो घासण्या-कापण्याचाच होतो, आणि ते काम पुण्यातल्या एखाद्या टेबलावरही नीट करता येते.

नमुन्यांसाठी सर्वांत चांगली जागा कच्छ. पुण्याहून भुजला थेट रेल्वे आहे, आणि भुजहून पश्चिमेला नलिया, नारायण सरोवर, लखपत या भागात गेले की पॅलिओजीन काळातले थर उघडे पडलेले दिसतात. एस. के. बिस्वास यांनी लावलेल्या थरांच्या क्रमाने पाहावे: नरेडी, मग हरुडी, मग फुलरा चुनखडक आणि त्याच्यावर मणियारा फोर्ट. नरेडीत पूर्व इओसीनमधली असिलिना स्पिनोसा मिळते. हरुडीच्या मऊ मातकट थरांतून न्युम्युलाइट्स ऑब्ट्युससची फुगीर कवचे सुटी होऊन जमिनीवर पडलेली असतात. फुलरा हा कठीण चुनखडक असून डिस्कोसायक्लिना आणि अल्व्हिओलिना यांनी भरलेला आहे. मणियारा फोर्टमध्ये ऑलिगोसीन सुरू होतो. तिथे जाळीदार पृष्ठभागाचा न्युम्युलाइट्स फिच्टेली आणि लेपिडोसायक्लिना भेटतात, आणि वरच्या भागात स्पायरोक्लिपिअस व मायोजिप्सिना. हा क्रम अखंड नाही हे ध्यानात ठेवावे. नरेडी आणि हरुडी यांच्यामध्ये मोठा खंड आहे, आणि फुलरा व मणियारा फोर्ट यांच्यामध्ये उत्तर इओसीन गायब आहे. त्यामुळे दोन लागोपाठच्या थरांत कवचे एकदम बदललेली दिसली, तर तो उत्क्रांतीचा झपाटा समजू नये. मधली पानेच तिथे नाहीत.

एवढ्या लांब जाणे जमत नसेल, तर दक्षिण गुजरातेत सुरत-भरूच पट्ट्यात तडकेश्वरच्या बाजूलाही डेक्कन ट्रॅपवर बसलेला न्युम्युलाइटयुक्त चुनखडक आहे. पुण्याच्या विद्यार्थ्याला तो भाग विशेष शिकवून जाईल, कारण आपल्याच बेसाल्टवर समुद्र कसा आला ते तिथे पायाखाली दिसते.

कच्छला जाताना थंडीचे दिवस धरावेत. हा सीमेलगतचा प्रदेश आहे, म्हणून ओळखपत्र जवळ असावे आणि कुठे जाण्यास परवानगी लागते ते भुजमध्येच विचारून घ्यावे. नारायण सरोवर अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलू नये. नमुना उचलताना थर कोणता, तळापासून किती उंचीवर, जागेचे अक्षांश-रेखांश काय, हे त्याच क्षणी पिशवीवर लिहावे. कवच शक्यतो थरात रुतलेले असतानाच काढावे. उताराखाली पडलेली सुटी कवचे सरावाला उत्तम, पण ती वरच्या कोणत्या थरातून घरंगळली हे सांगता येत नाही, म्हणून कालमापनाला ती निरुपयोगी. थराचा तपशील नसलेल्या शंभर सुंदर कवचांपेक्षा तपशिलासह आणलेली दहा झिजकी कवचे मोलाची.

आता मूळ प्रश्न. बाहेरून पाहून काम का भागत नाही? याचे उत्तर आजच्या जिवंत जातींकडे आहे. लक्षद्वीपसारख्या प्रवाळबेटांच्या उथळ, उजेडाच्या पाण्यात आजही मोठे फोरॅमिनिफेरा राहतात, आणि त्यांच्या पेशीत सूक्ष्म शैवाले वस्ती करून असतात. ऑपरक्युलिना व हेटेरोस्टेजिना यांच्यात डायाटम, सोराइटिसमध्ये डायनोफ्लॅजेलेट, पेनेरॉप्लिसमध्ये तांबडे शैवाल. शैवालांना उजेड हवा. खोल, मंद प्रकाशात वाढणारे कवच पसरट आणि पातळ होते. उथळ, खळबळत्या पाण्यातले जाड आणि फुगीर होते. एकाच जातीत हा फरक पडतो. म्हणजे बाहेरचा आकार जातीची माहिती देतो तशीच त्या जागच्या पाण्याची खोलीही सांगतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. सुरुवातीच्या कक्षांची रचना मात्र पाण्याच्या खोलीने इतकी बदलत नाही. वर्गीकरणाचा भार आतल्या भागावर टाकायचा तो या कारणाने.

या बाबतीत पश्चिम भारताचा वाटा मोठा आहे, आणि त्याची आठवण आपल्याकडे फारशी ठेवली जात नाही. कॅप्टन सी. डब्ल्यू. ग्रँट याने कच्छचा भूशास्त्रीय नकाशा आणि त्यावरचे टिपण तयार केले. ते १८४० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापले. त्यातल्या जीवाश्मांची वर्णने जेम्स द कार्ल सॉवर्बीने केली. न्युम्युलाइट्स ऑब्ट्युसस, असिलिना एक्सपोनेन्स, डिस्कोसायक्लिना डिस्पान्सा, अल्व्हिओलिना एलिप्टिका या आज जगभर वापरल्या जाणाऱ्या जाती त्या लेखातल्या, कच्छच्या नमुन्यांवरून ठरलेल्या. पण सॉवर्बीने डिस्पान्साला लायकोफ्रिस या वंशात टाकले होते आणि एलिप्टिकाला फॅसिओलाइटिसमध्ये. आजची वंशनावे त्यांना नंतर, आतल्या रचनेच्या आधाराने मिळाली.

आतली रचना पाहण्याचे मोठे काम मुंबईत झाले. हेन्री जॉन कार्टर हा मुंबई सरकारच्या वैद्यकीय सेवेतला डॉक्टर. ‘पॅलिन्युरस’ या सर्वेक्षण जहाजावर तो अरबस्तानच्या किनाऱ्याने हिंडला, आणि तिथल्या ऑपरक्युलिनाच्या कवचाची रचना त्याने १८५२ मध्ये तपशिलाने मांडली. पाठोपाठ सिंधमधल्या मोठ्या अश्मीभूत फोरॅमिनिफेरांवर त्याने लिहिले. कवचाच्या कडेने फिरणारी जाड दोरी त्याच्या नजरेतून सुटली नाही. पण तो स्पंजांचा जाणकार होता, म्हणून त्या दोरीतले तंतू त्याला स्पंजांतल्या कंटिकांसारखे वाटले आणि त्याने तिला तसेच नाव दिले. ही दोरी म्हणजेच आजची ‘मार्जिनल कॉर्ड’, न्युम्युलाइट कुळाची खूण. कच्छ, सिंध आणि अरबस्तानवरचे निबंध एकत्र करून त्याने १८५७ मध्ये मुंबईत एक ग्रंथ संपादित केला. ग्रँटचा कच्छवरचा निबंधही त्यात आहे. जुन्या ग्रंथालयात तो हाती लागला, तर सॉवर्बीची चित्रे सावकाश पाहावीत. बाह्याकाराचे इतके बारीक निरीक्षण करूनही आतल्या माहितीविना नाव कसे चुकते, हे त्या पानांवर समजते.

प्रत्यक्ष कामाला लागताना मऊ थरातले नमुने आधी सुटे करून घ्यावेत. मातकट दगड पूर्ण वाळवून पाण्यात भिजवला, की बहुधा विरघळतो. हट्टी असेल तर वाळवून रॉकेलमध्ये मुरवावा, रॉकेल ओतून टाकावे आणि मग पाणी घालावे. घरात हे करू नये, मोकळ्या जागी आणि आगीपासून लांब करावे. चाळणीवर धुऊन वाळवल्यावर दहापट भिंगाखाली आकाराप्रमाणे वाटण्या कराव्यात. हरुडीच्या नमुन्यांत इथेच मोठी आणि लहान अशा दोन राशी पडू लागतील. त्या वेगळ्या ठेवाव्यात, पण इतक्यात नाव देऊ नये.

न्युम्युलाइट आणि असिलिना मधोमध फोडण्याची जुनी रीत आजही सर्वांत झटपट आहे. कवच चिमट्यात धरून ज्योतीवर चांगले तापवावे आणि गार पाण्यात टाकावे. पुष्कळदा ते मधल्या पातळीवरून दोन चकत्यांत उकलते. तसे झाले नाही तर कडेवर हलकेच ठोकावे. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण तापलेले कवच कधी तडकून उडते. चकतीच्या आतल्या बाजूला चकलीचे वेढे असावेत तशी वेटोळी दिसतात आणि त्यांना आडवे छेदणारे पडदे. हा विषुवीय छेद. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला बाहेरचे गुळगुळीत कवच आणि आतली ही बांधणी यांचा मेळ बसत नाही, आणि या विषयाची गोडी बहुतेकांना इथेच लागते.

फोडून काम झाले नाही किंवा अधिक तपशील हवा असेल, तर घासावे लागते. काचेच्या जाड पट्टीवर पाणी आणि कार्बोरंडमची पूड घ्यावी. आधी ४०० नंबर, मग ६००, शेवटी ८०० किंवा त्याहून बारीक. कवच बोटाखाली धरून गोल गोल फिरवावे आणि दर काही फेऱ्यांनी धुऊन भिंगाखाली पाहावे. मध्यभागी पहिला गोल कक्ष दिसू लागला आणि त्याचा व्यास आणखी वाढेनासा झाला, की थांबावे. दोन फेऱ्या जास्त झाल्या तर तो कक्ष निघून जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. मग ती बाजू काचपट्टीवर कॅनडा बाल्सम किंवा इपॉक्सीने चिकटवून दुसऱ्या बाजूने घासत सुमारे ३० मायक्रॉनपर्यंत आणावे. आता प्रकाश आरपार जातो.

दुसरे कवच घेऊन अक्षीय छेद करावा. त्यासाठी कवच उभे धरून, म्हणजे विषुवीय पातळीला काटकोनात, पहिल्या कक्षातून जाईल असे कापायचे. अल्व्हिओलिना लांबट असल्याने तिचा अक्षीय छेद लांबीच्या दिशेने जातो. दोन्ही छेद मध्यातून गेलेले असणे हीच या कामातली खरी कसोटी. मध्य चुकलेल्या छेदात पहिला कक्ष प्रत्यक्षाहून लहान दिसतो, वेटोळी कमी दिसतात, आणि भिंती तिरक्या कापल्या गेल्याने उगाच जाड वाटतात. अशा छेदावरून मोजमाप घेणे टाळावे.

फुलऱ्यासारख्या कठीण चुनखडकातून कवच सुटे होत नाही. तिथे एकाच दगडाचे वेगवेगळ्या दिशांनी पातळ छेद करून घ्यावेत आणि त्यांत योगायोगाने मध्यातून कापली गेलेली कवचे शोधावीत. हे चिकाटीचे काम आहे. छेद कापण्याची यंत्रे पुण्यात भूशास्त्र शिकवणाऱ्या संस्थांत असू शकतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, फर्ग्युसन आणि नौरोसजी वाडिया महाविद्यालये यांच्या भूशास्त्र विभागांत, तसेच आघारकर संशोधन संस्थेत विचारणा करावी. १९४६ मध्ये महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या नावाने सुरू झालेल्या या संस्थेत जीवाश्मांचे संशोधन दीर्घकाळ चालले आहे.

छेद तयार झाला, की नाव शोधायची घाई अनावर होते. ती आवरून काही गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पहिली गोष्ट भिंत. अल्व्हिओलिना, ऑर्बिटोलाइटिस, पेनेरॉप्लिस यांची भिंत पोर्सेलिनसारखी असते. बाहेरून कवच दुधी पांढरे दिसते, पण पातळ छेदात प्रकाश खालून आला तर हीच भिंत काळपट-तपकिरी होते. न्युम्युलाइट, डिस्कोसायक्लिना, लेपिडोसायक्लिना यांची भिंत काचेसारखी, छिद्रांची, आरपार उजळ. त्यांत प्रत्येक नवा कक्ष बांधताना जीव आधीच्या कवचावरही एक थर चढवतो, त्यामुळे जुन्या भागातली भिंत थराथरांची होते. क्रिटेशस काळातल्या ऑर्बिटोलिनाची भिंत बाहेरचे कण चिकटवून केलेली. कार्बोनिफेरस आणि पर्मियन काळांतल्या फ्युझुलिनिडांची सूक्ष्म कणांची, आणि ते पर्मियनच्या शेवटी नष्ट झालेले. भिंत चुकली तर पुढचे सारे चुकते. भिंत ओळखली, की निम्मे काम झाले.

मग कक्षांची मांडणी. न्युम्युलाइटमध्ये कक्ष एका पातळीत वेटोळ्याने येतात, आणि प्रत्येक वेटोळे आधीच्याला दोन्ही बाजूंनी झाकते. अक्षीय छेदात हे एकात एक बसलेल्या कमानींसारखे दिसते. असिलिनात झाकणे होत नाही, त्यामुळे बाहेरूनही सगळी वेटोळी दिसतात आणि अक्षीय छेद सपाट, पट्टीसारखा येतो. ऑपरक्युलिनातही वेटोळी उघडी असतात, पण त्यांची संख्या कमी, रुंदी झपाट्याने वाढणारी आणि कवच पातळ. नवशिक्यांचा सर्वांत मोठा गोंधळ या दोघांत होतो. कक्षांना आतून आणखी पडदे घालून कक्षिका केलेल्या असतील तर हेटेरोस्टेजिना. त्यावर बाजूंनीही कक्षिकांचे थर चढले असतील तर स्पायरोक्लिपिअस. वेटोळे सोडून पूर्ण वर्तुळांत कक्ष लागले तर सायक्लोक्लिपिअस. या सगळ्यांत कडेची ती दोरी दिसते की नाही ते पाहावे, कारण कुळाची खात्री तिनेच पटते.

न्युम्युलाइटचा पृष्ठभागही दुर्लक्षू नये. वर दिसणाऱ्या रेषा म्हणजे आतल्या पडद्यांच्या कडा. त्या मध्यापासून सरळ निघतात, वळणे घेतात, की एकमेकींत गुंतून जाळी करतात, यावरून जातींचे गट पडतात. जाळी असलेला फिच्टेली कच्छच्या ऑलिगोसीनमध्ये हाताने ओळखता येतो. रेषांवर किंवा रेषांमध्ये दाणे आहेत का, तेही लिहावे. दाणे म्हणजे आतून वर आलेल्या खांबांची टोके.

चपट्या, वर्तुळाकार कवचांच्या गटात वेगळी रचना भेटते. मध्ये एक पातळ थर आणि दोन्ही बाजूंना कक्षिकांच्या राशी. बाहेरून डिस्कोसायक्लिना आणि लेपिडोसायक्लिना चटकन वेगळ्या करता येत नाहीत. विषुवीय छेद केला की प्रश्न मिटतो. मधल्या थरातल्या कक्षिका आयताकृती आणि वलयांत लावलेल्या असतील तर डिस्कोसायक्लिना, कमानीदार किंवा षट्कोनी असतील तर लेपिडोसायक्लिना. हा भेद नुसत्या नावापुरता नाही. डिस्कोसायक्लिनाचे कूळ इओसीनच्या अखेरीस संपले, आणि लेपिडोसायक्लिना भारतात ऑलिगोसीनमध्ये दिसू लागते. एका छेदावरून दगड कोणत्या बाजूचा ते ठरते. बरगड्या उठून तारा झालेला असेल तर अॅस्टरोसायक्लिनाचा विचार करावा. पंख्याच्या आकाराचे आणि पहिले कक्ष टोकाजवळ असलेले लहान कवच मिळाले तर ते मायोजिप्सिनाच्या कुळातले. बाजूच्या कक्षिका असतील तर मायोजिप्सिना, नसतील तर मायोजिप्सिनॉइडिस.

अल्व्हिओलिनाचे वाचन निराळे. तिचा अक्षीय छेद म्हणजे काळ्या भिंतीत बारीक भोकांच्या रांगाच रांगा. प्रत्येक कक्ष आडव्या पडद्यांनी नळ्यांत वाटलेला असतो आणि पडद्यालगतची वाट त्या नळ्यांना जोडते. सुरुवातीच्या वेटोळ्यांत तळाचा थर अचानक जाड झाला आहे का, तो किती वेटोळी टिकतो, मग सैल कधी होतो, हे अल्व्हिओलिनाच्या जाती ओळखताना बघावेच लागते. अल्व्हिओलिना एलिप्टिका फुलऱ्यात मिळते. तिच्यावर हात बसवल्याशिवाय इतर जातींकडे जाण्याची घाई नको.

हरुडीच्या नमुन्यांतल्या त्या दोन राशींकडे आता परत वळावे. दोन्हींचे विषुवीय छेद केले, की लहान कवचात मोठा पहिला कक्ष आणि मोठ्या कवचात जेमतेम दिसणारा पहिला कक्ष असे उलटे चित्र समोर येते. या दोन जाती नव्हेत. एकाच जातीच्या दोन पिढ्या आहेत, अलैंगिक प्रजननातून आलेली ए-रूपे आणि लैंगिक प्रजननातून आलेली बी-रूपे. म्युनिए-शाल्मा याने १८८० मध्ये न्युम्युलाइटमधले हे द्विरूपत्व दाखवले. त्याआधी एकाच जातीच्या दोन रूपांना दोन नावे देण्याची रीत होती. फिच्टेली हे ए-रूपाचे आणि इंटरमिडिअस हे त्याच्याच बी-रूपाचे नाव, म्हणून जुन्या लेखनात दोन्ही जोडून येतात. ए-रूपे संख्येने पुष्कळ असतात. बी-रूपांचा पहिला कक्ष वीस-तीस मायक्रॉनच्या घरातला असल्याने घासताना हमखास हरवतो. जात ठरवताना दोन्ही रूपे मिळवण्याचा प्रयत्न करावा, आणि मोजमापे ए-रूपांवर घ्यावीत.

मोजमापाशिवाय आज या क्षेत्रात कोणी नाव मान्य करत नाही, आणि तसेच असावे. एकाच थरातली किमान वीस-पंचवीस कवचे घ्यावीत. प्रत्येकाचा पहिल्या कक्षाचा व्यास, प्रत्येक वेटोळ्याची त्रिज्या, प्रत्येक वेटोळ्यातल्या कक्षांची संख्या, तसेच पूर्ण कवचाचा व्यास आणि जाडी लिहावी. एकेका कवचाला नाव द्यायचे नसते, नाव द्यायचे असते त्या समूहाला. युट्रेक्टच्या सी. डब्ल्यू. ड्रूगर यांनी हा मार्ग घालून दिला. मायोजिप्सिनात पहिल्या दोन कक्षांनंतर जे कक्ष वेटोळ्यात लागतात त्यांची संख्या काळाबरोबर कमी होत जाते. ती मोजून सरासरी काढली, की उत्क्रांतीच्या वाटेवर तो थर कुठे बसतो ते कळते. डी. एस. एन. राजू यांनी भारतातल्या मायोजिप्सिना कुळाचा असा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. लेपिडोसायक्लिनात पहिला कक्ष दुसऱ्याने किती कवेत घेतला आहे ते पाहतात. कवेत घेण्याचे प्रमाण काळाबरोबर वाढत गेले.

काळाच्या चौकटी दोन ओळखून ठेवाव्यात. पूर्वेकडच्या बेटांसाठी फान डेर फ्लेर्क आणि उम्बग्रोव्ह यांनी १९२७ मध्ये मांडलेले अक्षर-टप्पे, आणि पॅलिओसीन-इओसीनसाठी सेरा-किएल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दिलेले एसबीझेड हे २० विभाग. कच्छचे थर आता या दुसऱ्या चौकटीतही बसवलेले आहेत.

वर्गीकरणाच्या पुस्तकांत एकवाक्यता नाही, याने बिचकू नये. लोब्लिक आणि टॅपन यांचा १९८७ चा वंशांचा कोश आजही टेबलावर लागतो. २०१३ मध्ये पावलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे वरची मांडणी बदलली. त्यांनी पोर्सेलिनसारख्या भिंतीच्या मिलिओलिड आणि काचेसारख्या भिंतीच्या न्युम्युलाइट-वर्गीय फोरॅमिनिफेरांना दोन वेगळ्या मोठ्या गटांत घातले. भिंतीचा फरक आधीच पाहिलेल्याला यात धक्का बसत नाही. जीवाश्मांना जनुके नसल्याने खालच्या पायऱ्या अजूनही आतल्या रचनेवरच उभ्या आहेत. शब्दांचा अर्थ पाहायला लुकास हॉटिंगर यांची २००६ ची सचित्र परिभाषा, काळ आणि उत्क्रांतीसाठी बुडाघर-फडेल यांचा २०१८ चा ग्रंथ. ही दोन्ही मोफत उपलब्ध आहेत. भारतीय संदर्भासह शिकायचे तर प्रतुल कुमार सरस्वती आणि एम. एस. श्रीनिवासन यांचे २०१६ चे पाठ्यपुस्तक घ्यावे. वंशाचे नाव आज चालू आहे की रद्द झाले ते जागतिक फोरॅमिनिफेरा माहितीसंचात पाहून मगच चिठ्ठीवर लिहावे.

चिठ्ठीवर नावाइतकाच पुराव्याचा तपशील हवा. छेद विषुवीय की अक्षीय, मध्यातून गेला की नाही, रूप ए की बी, भिंत कोणती. जवळची जात वाटते पण खात्री नाही, तर नावाआधी ‘सीएफ’ लावावे. वरच्या थरात सापडलेले जुन्या काळातले कवच घासलेले, गोलावलेले, किंवा आतल्या कक्षांत वेगळ्याच रंगाची माती भरलेले असेल, तर ते खालच्या थरातून उखडून आलेले समजून त्याची नोंद वेगळी करावी.

ज्यांना या शिक्षणाचा उपयोग नोकरीत करायचा आहे त्यांच्यासाठी पश्चिमेचा समुद्र आहे. १९७४ मध्ये सागर सम्राट या रिगने बॉम्बे हायला तेल शोधले. त्या भागातले तेल आणि वायू मुख्यतः चुनखडकात साठलेले आहेत, आणि समुद्राखालच्या थरांना दिलेली नावे मराठी माणसाच्या ओळखीची आहेत: बेसिन म्हणजे आपली वसई, पनवेल, रत्नागिरी, बांद्रा, चिंचिणी. बेसिनच्या इओसीन चुनखडकात न्युम्युलाइट आणि डिस्कोसायक्लिना, त्याच्या वरच्या थरांत लेपिडोसायक्लिना आणि मायोजिप्सिना. खोदकामातून वर येतो तो मात्र काही मिलिमीटरांचा चुरा. पूर्ण कवच क्वचित मिळते, छेदाची दिशा निवडता येत नाही. तिथे भिंतीच्या एका तुकड्यावरून गट, कक्षिकेच्या आकारावरून कूळ आणि कडेच्या दोरीच्या ठिपक्यावरून न्युम्युलाइट ओळखावा लागतो. ही नजर यावी म्हणून कच्छच्या पूर्ण कवचांचे काही मुद्दाम तिरके, मध्य चुकलेले छेदही करून ठेवावेत, त्यांवर खरे नाव लिहावे आणि चुऱ्यातला तुकडा त्यांच्याशी ताडून पाहावा. तुकड्यात पहिले कक्ष आलेले नसतील, तर नोंदीत जातीचे नाव न लिहिता वंशापाशी थांबावे.